जाळीतला ‘ळ’ आणि दोऱ्यातला ‘ऱ्य’

सीमाभागात मराठीचा प्रश्न निघाला की बोलणे पाट्यांवर, शाळांवर आणि सरकारी कागदांच्या भाषेवर येते. ते यायलाच हवे. पण भाषा कचेरीत असते तशीच दुपारच्या वेळी ओसरीवर, लोकरीच्या गुंड्याशेजारीही बसलेली असते. तेथे तिची नोंद कोणी करत नाही. पाटी बदलली तर दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा होते, पण आजीच्या तोंडातला एखादा शब्द नातीच्या तोंडी आला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आज आम्ही विणकामातले, विशेषतः क्रोशाचे आणि लेसचे शब्द विचारासाठी घेतले आहेत. हा विषय बायकांचा म्हणून पुरुष वाचकांनी पान उलटू नये. शुद्धलेखनाचे जे नियम आपण शाळेत कंटाळून पाठ केले, ते कशासाठी असतात हे या शब्दांत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

उदाहरणादाखल आम्ही आपल्या भागापासून दूरचे एक गाव घेतो. ते गाव उज्जैन. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी तेथे आपले ठाणे केले आणि त्यांच्याबरोबर मराठी घरे माळव्यात गेली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला नेली, तरी उज्जैनची मराठी वस्ती राहिली. पुढे संस्थान मध्य भारतात गेले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. रेल्वे स्टेशनाच्या एका अंगाला असलेले माधवनगर, किंवा शहरातले जुने माधव महाविद्यालय, यांची नावे आजही शिंदे घराण्याची आठवण देतात. याच महाविद्यालयात शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले. एका मराठी घरात दोन भाषा कशा नांदतात याचा याहून ठळक दाखला नको.

आपल्या गावांत शेजारची भाषा कानडी असते, कोठे तेलुगू, कोठे गुजराती. उज्जैनला ती हिंदी आहे. हिंदीची लिपी मराठीचीच असल्यामुळे तेथला पेच अधिक सूक्ष्म आहे. कानडी शब्द लिहिला तर अक्षरच वेगळे दिसते. हिंदी शब्द मात्र मराठी वहीत कधी येऊन बसला ते डोळ्यांना कळत नाही. आपल्याला जे पुढे भोगावे लागेल किंवा लागणार नाही, त्याची परीक्षा तेथे दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

माधवनगरातल्या मराठी घरात विणकाम शिकणाऱ्या मुलीच्या कानावर दोन प्रकारचे शब्द पडतात. घरची आजी म्हणते टाका, शेजारीण म्हणते फंदा. हिंदीत विणीच्या एका घराला फंदा म्हणतात. मराठीत मात्र फंद म्हटला की भानगड आली. ‘त्या फंदात पडू नकोस’ असे बजावणाऱ्या आजीला नातीने ‘आज चाळीस फंदे घातले’ असे सांगितले तर आजी विणकाम सोडून तिच्या तोंडाकडे पाहील.

दुसरा शब्द सलाई. हिंदीत ती विणण्याची सुई. आपल्याकडे तिच्या जवळचा शब्द सळई, आणि ती मिळते सिमेंटच्या दुकानात. तिसरा शब्द गोटा. हिंदीत साडीला किंवा ओढणीला लावायची जरीची पट्टी म्हणजे गोटा. राजस्थानात आणि माळव्यात लग्नाचे कपडे त्याशिवाय सजत नाहीत. मराठीत गोटा म्हणजे नदीतला गुळगुळीत दगड, नाहीतर खोबऱ्याचा गोटा. ‘साडीला गोटा लावला’ हे वाक्य कोल्हापूरच्या माणसाने ऐकले तर त्याला काय दिसेल, ते वाचकांनीच ठरवावे. गंमत अशी की आपल्याकडे कापडाच्या काठाला लावायच्या पट्टीला ‘गोट’ हा जुना शब्द आहेच. म्हणजे शब्द परका नाही, नुसता काना जास्त लागला आहे.

याच्या उलटही घडते. मराठी बाई लोकरीच्या चेंडूला बिनदिक्कत ‘गुंडा’ म्हणते. गुंडाळून केलेला तो गुंडा, लहान असेल तर गुंडी. पण हिंदी बाजारात जाऊन तिने ‘दो गुंडे दे दो’ असे म्हटले तर दुकानदार आधी दाराकडे पाहील. तेथे गोला मागायचा असतो.

या गमती सांगण्याचा हेतू शेजारच्या भाषेला नावे ठेवण्याचा नाही. हिंदीचा फंदा हिंदीत अगदी योग्य आहे. फंदा म्हणजे फास, आणि दोऱ्याचा फास सुईवर घेऊनच विणायचे असते. इंग्रजी ‘लेस’ या शब्दाचे मूळही तेच आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘लाक्वेउस’, म्हणजे फासच. बुटाची नाडी आणि झग्याची नाजूक जाळी या दोहोंना इंग्रजीत लेस का म्हणतात, त्याचा उलगडा येथे होतो. क्रोशाचेही तसेच आहे. फ्रेंचमध्ये ‘क्रोशे’ म्हणजे लहान आकडा. सुईच्या टोकाला जो आकडा असतो त्यावरून सगळ्या कामाला नाव पडले. कला एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा आपले शब्द पिशवीत घेऊन जाते. दक्षिण भारतात नागरकोइल आणि नरसापूर येथे लेसचे काम एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींबरोबर आले. नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली पुस्तकच लिहिले. आपल्या सीमाभागातही कशिद्याशेजारी धारवाडकडची कसुती नांदते. तिच्यातला ‘गवंती’ टाका कानडी ‘गंटु’, म्हणजे गाठ, या शब्दावरून आला. आपण तो आनंदाने घेतला, कारण तो टाका आपल्याकडे नव्हता.

आमची कसोटी इतकीच आहे. ज्या वस्तूला आपल्याकडे नाव नाही, तिच्याबरोबर आलेले नाव घ्यावे. ज्या वस्तूला नाव आहे, ते केवळ शेजारीण म्हणत नाही म्हणून सोडू नये.

क्रोशा, क्रोशे की क्रोशिया?

आता लेखनाकडे वळू. एकाच कामाची तीन नावे छापलेली दिसतात: क्रोशा, क्रोशे आणि क्रोशिया. पैकी क्रोशे हे फ्रेंच उच्चाराच्या जवळचे, क्रोशिया हे हिंदीत रुळलेले आणि क्रोशा हे मराठी घरांत रुळलेले. काही जण म्हणतात की मूळ उच्चार क्रोशे, म्हणून तेच शुद्ध. आम्हाला हे पटत नाही. उसना शब्द आपल्या घरात आला की त्याने आपल्या घराची रीत पाळावी. क्रोशा हा शब्द मराठीत सहज चालतो: क्रोशाची सुई, क्रोशाचा रुमाल, क्रोशाचे तोरण. येथे ‘क्रोश्याची’ असे लिहिण्याची गरज नाही. घसा-घशाला, पैसा-पैशाला याप्रमाणे ‘शा’ पुरेसा आहे.

याच ओघात एक नियम सांगून टाकतो. पायातला मोजा विणणाऱ्या बायका ‘मोज्याला टाच घातली’ असे बोलतात आणि तसेच लिहितात. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारलेल्या लेखननियमांना १९७२ साली जोड मिळून त्यांची संख्या अठरा झाली. त्या नियमांप्रमाणे शेवटी ‘जा’ असलेल्या पुल्लिंगी शब्दाचा ‘ज्या’ होत नाही: दरवाजा-दरवाजाला, मोजा-मोजाला. तोंडाने कोणी काही म्हणो, वहीत ‘मोजाला’ लिहावे.

‘लेस’ मात्र जशी आली तशी राहिली. वीण-विणीचा, सूत-सुताचा असे मराठी शब्द वळतात आणि वळताना पहिले दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते. वीण दीर्घ, पण विणीचा आणि विणकाम ऱ्हस्व. लेसला लोक ‘लेसचा’ म्हणतात. ती बाजारातून मीटरवर येणारी पाहुणी आहे, तिला तसेच राहू द्यावे. सुईत ‘सु’ ऱ्हस्वच. ‘सूई’ लिहिण्याचे काही कारण नाही.

अनुस्वार कोठे ठेवायचा

जुन्या वह्यांत ‘टांका’ आणि ‘सांखळी’ असे लिहिलेले आढळते. १९६२ च्या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार काढले, तेव्हा त्यांचे ‘टाका’ आणि ‘साखळी’ झाले. ‘खांब’ आणि ‘गोंडा’ यांत अनुस्वार स्पष्ट ऐकू येतो, म्हणून तो राहिला. नियम सोपा आहे: कानाला ऐकू येतो तो ठेवा, येत नाही तो काढा.

उज्जैनमध्ये येथे एक मजेदार गोष्ट होते. हिंदी शाळेत शिकलेली मुलगी ‘टाँका’ लिहिते, कारण हिंदीत त्यावर चंद्रबिंदू आहे. तीच मराठीत लिहू लागली की ‘टांका’ लिहून जाते आणि शिकवणारे म्हणतात, पाहा, हिंदीचा परिणाम! पण तिच्या पणजीच्या वहीतही ‘टांका’च आहे. आज तो चुकीचा आहे हे खरे. तरीही प्रत्येक वेगळ्या अक्षराला शेजारच्या भाषेची खोडी समजणे बरोबर नाही. कधी कधी ती आपल्याच घरातली जुनी रीत असते. सीमाभागात मुलांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे असे आम्हाला वाटते. मुलाला ‘तू बाटलास’ असे सांगण्यापेक्षा ‘पूर्वी असे लिहीत, आता असे लिहितात’ हे सांगितलेले त्याला अधिक लागू पडते.

दुसरा अनुस्वार मात्र काढून चालत नाही. तो अनेकवचनाचा. नमुन्यात लिहिलेले असते: ‘पुढच्या टाक्यात खांब घाला.’ म्हणजे एका टाक्यात. ‘पुढच्या टाक्यांत खांब घाला’ म्हणजे पुढे जितके टाके आहेत त्या प्रत्येकात. एका टिंबाचा फरक! हे टिंब गळले तर विणणारी बाई एकाच टाक्यात सगळे खांब कोंबते, तिचा रुमाल कोबीच्या पानासारखा वळतो, आणि मग दोष सुईला दिला जातो. ज्यांना शुद्धलेखन म्हणजे पंडितांचा खेळ वाटतो त्यांनी असा एक रुमाल उसवून पाहावा.

‘मुका खांब’ किती बोलतो

मराठी शब्द टिकवण्याचे सर्वांत मोठे कारण आम्ही मागे ठेवले होते. क्रोशाच्या इंग्रजी नमुन्यांत एक जुना घोटाळा आहे. तोच टाका ब्रिटनमध्ये एका नावाने ओळखला जातो आणि अमेरिकेत दुसऱ्या. ब्रिटनमध्ये ज्याला ‘डबल’ म्हणतात त्याला अमेरिकेत ‘सिंगल’ म्हणतात. ब्रिटनमधला ‘ट्रेबल’ तो अमेरिकेतला ‘डबल’. एकच ‘डबल’ शब्द दोन देशांत दोन वेगळ्या उंचीचे टाके दाखवतो. इंग्रजांकडून आलेल्या जुन्या नमुन्यांत ब्रिटिश नावे असत. आता मोबाइलवर दिसणाऱ्या नमुन्यांत बहुतेक अमेरिकन नावे असतात. आईने जुन्या पुस्तकावरून ‘डबल’ म्हटले आणि मुलीने मोबाइलवर पाहून ‘डबल’ घातले, तर झबल्याची उंची वेगळी येणार हे ठरलेलेच.

मराठी विणणाऱ्या बायकांनी हा घोटाळा फार पूर्वी मिटवला. त्या अंक मोजत नाहीत, आकार पाहतात. सुईवर वेढा न घेता टाक्यात सुई घालून दोरा ओढला आणि दोन्ही घरांतून एकदम काढला, तर तो उभा राहत नाही, बसून राहतो. तो मुका खांब. सुईवर एक वेढा घेऊन दोरा ओढला की तीन घरे होतात. ती तिन्ही एकदम काढली तर अर्धा खांब. आधी दोन, मग पुन्हा दोन अशी काढली तर खांब उभा राहतो. दोन वेढे घेऊन दोन-दोन घरे तीनदा काढली तर दुहेरी खांब. पायाला साखळी. इतक्या चार-पाच शब्दांवर तोरणे, टेबलाचे रुमाल, झबली आणि रुखवतातले सगळे सामान उभे राहते. खांब म्हटल्यावर लंडनचा की न्यूयॉर्कचा, असे विचारावे लागत नाही.

हे शब्द कोणा समितीने बनवले नाहीत. ते एका बाईने दुसरीला शेजारी बसवून, बोट धरून दिले. त्यामुळेच ते धोक्यातही आहेत. छापील पुस्तक कपाटात राहते, पण बोलून दिलेला शब्द बोलणारी गेली की जातो. उज्जैनच्या मराठी घरांत आजीला मुका खांब येतो, आईला तो ‘सिंगल’ म्हणून येतो, आणि नातीला पडद्यावर दिसतो पण नाव येत नाही, असे झाले तर मराठीचा पराभव कोणत्याही सभेत न होता घरातच होईल. आपल्या गावांतही हेच होऊ शकते.

चार अक्षरांचा पहारा

लिपी एकच असल्यामुळे काही खुणा मराठीच्या ओळखीच्या म्हणून जपाव्या लागतात. या कामाच्या शब्दांत त्या सगळ्या सापडतात. पहिली ‘ळ’. जाळी, साखळी, ओळ. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, त्यामुळे जाळीची ‘जाली’ होते. पण माळव्याच्या माळवी बोलीत ‘ळ’ आजही आहे. म्हणजे हा ‘ळ’ जपताना मराठी माणूस तेथल्या मातीशी भांडत नाही. ‘माळवा’ हे नावच आपण ‘ळ’ने लिहितो.

दुसरी खूण ‘ऱ्य’ची. दोरा-दोऱ्याची. हे ‘दोर्याची’ असे लिहिले तर वाचताना जोर पडतो आणि शब्द मोडतो. आचारी-आचाऱ्यास आणि आचार्य-आचार्यास हा फरक शाळेत शिकवतात तो याचसाठी. काही संगणकांवर आणि मोबाइलवर हे अक्षर सहज सापडत नाही, म्हणून ते टाळले जाते. शोधले तर सापडते.

तिसरी खूण अर्धचंद्राची. टॅटिंग, मॅक्रम. हिंदीत हेच ‘टैटिंग’, ‘मैक्रमे’ असे लिहितात. हिंदी वाचणाऱ्याला ते बरोबर वाचता येते. मराठी वाचणारा मात्र ‘पैसा’मधला ‘पै’ वाचतो तसा ‘टै’ वाचेल. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत जागा दिली आहे, तेव्हा आता संकोच नको.

चौथी खूण ‘ल’ची. मराठी छपाईतला ‘ल’ आणि हिंदी छपाईतला ‘ल’ यांची वळणे वेगळी आहेत. लेसचा ‘ल’ कोणत्या वळणाचा काढायचा यावरून अर्थ बदलत नाही हे खरे. पण हस्ताक्षर आईकडून येते. ते मुलीला शिकवायला खर्च येत नाही.

आता काय करावे

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आहेच. पण दर्ज्याने आजीचा मुका खांब वाचणार नाही. त्यासाठी आमची सूचना साधी आहे. ज्या घरात विणणारी, भरणारी, लेस करणारी बाई आहे, त्या घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने एक वही घ्यावी. टाक्याचे नाव घरात जसे बोलतात तसे लिहावे. त्यापुढे तो टाका कसा घालतात ते दोन ओळींत लिहावे आणि शक्य तर विणलेला नमुना पानाला टाचावा. शेजारच्या भाषेत त्याला काय म्हणतात तेही लिहावे. कानडी, हिंदी, तेलुगू, जे असेल ते. त्याने मराठी उणी होत नाही, उलट कोणता शब्द कोणाचा ते स्पष्ट होते.

लिहिताना आजीला शुद्धलेखन शिकवू नये. ती ‘मोज्याला’ म्हणाली तर ‘मोज्याला’च ऐकावे. वही पुरी झाल्यावर शिक्षकांनी ती तपासावी: टाका, साखळी, खांब, जाळी, दोऱ्याची, मोजाला, विणीचा, आणि अनेकवचनाचे टिंब. गावातल्या वाचनालयाने अशा वह्या जमवल्या तर दोन-तीन वर्षांत त्या गावाचा विणकामाचा शब्दसंग्रह तयार होईल. निपाणीचा शब्द भालकीला वेगळा निघाला तर चांगलेच. दोन्ही ठेवावेत.

उज्जैनच्या मराठी मंडळींनाही आमचे हेच सांगणे आहे. फंदा हिंदीत बोलावा, टाका मराठीत बोलावा, आणि दोन्ही मुलीला समजावून द्यावेत. जिला दोन्ही येतात तिचे काही बिघडत नाही. दोहोंतला एक विसरलेल्या मुलीला मात्र आजीची वही वाचून दाखवायला कोणीतरी शोधावे लागेल.